अण्णांचं हरिकेन

"शेपटीला हात लाव, पंखाला लाव, हँडलला मात्र नाही," माझे वडील, अण्णा, म्हणाले आणि फडक्यात गुंडाळलेलं हँडल त्यांनी बगलेत आणखी दाबून धरलं.

"तारा नेहमी मीच जोडते की."

"आज मी जोडल्यात."

"मग तपासू तरी द्या."

"शैला, तुझी आई परकर नेसून सागरगोटे खेळत होती, तेव्हा मी खऱ्या हरिकेनच्या तारा जोडत होतो. चल, उचल."

चार फुटी पंखांचं ते विमान मी दोन्ही हातांवर आडवं घेतलं आणि त्यांच्यामागून चालू लागले.

ही सत्त्याऐंशी सालातल्या जानेवारीची गोष्ट. साताऱ्याबाहेर जनावरांचा बाजार भरायचा, त्या पटांगणाला नुकताच कोबा केला होता. बाजार नसेल त्या दिवशी ते आमच्या मॉडेल विमानांच्या मंडळाला मिळे. शेणाचा वास आम्हाला फुकटात मिळे. त्या दिवशी मंडळाची वार्षिक स्पर्धा होती आणि कराड-सांगलीकडूनही लोक आपापली विमानं दुपट्यात गुंडाळून घेऊन आले होते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी सांगते. या विमानात खरं इंजिन असतं. एरंडेल घातलेल्या इंधनावर चालतं आणि कानठळ्या बसवतं. उडवणारा मध्यभागी उभा राहतो. त्याच्या हातातल्या हँडलपासून विमानाच्या डाव्या पंखापर्यंत साठ फुटांच्या दोन पोलादी तारा गेलेल्या असतात. मनगट वर झुकवलं की विमान वर, खाली झुकवलं की खाली. विमान त्याच्याभोवती घिरट्या घालतं आणि त्यालाही स्वतःभोवती फिरत राहावं लागतं. एकदा सोडलं की टाकीतलं तेल संपेपर्यंत ते थांबवता येत नाही. नको म्हणायची सोय नाही.

आमचं हरिकेन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान. अण्णा तेव्हा हवाई दलात फिटर होते, इंफाळच्या बाजूला, मिसरूडही नीट फुटलेलं नसताना. आराखडा मी काढला, कारण मी तेव्हा पॉलिटेक्निकला होते. बाल्सा लाकडाच्या फासळ्या दोघांनी मिळून कापल्या. त्यावर रेशमी कापड ताणून डोप, म्हणजे कापड ताठ करणारं रोगण, लावायचं काम माझं. अण्णांना घरातली संपलेली साखर दिसत नसे, आईची नवी साडी दिसत नसे. पण लाकडाच्या फळीतला केसाएवढा बाक अंधारातसुद्धा दिसायचा. अख्खा पंख त्यांनी दोनदा मोडून पुन्हा करायला लावला. दोन हिवाळे गेले त्यात. रिव्हेटची एकेक टिकली मी सुईच्या नेढ्याने उमटवली होती, त्यामुळे त्या विमानावर माझाही जीव होता हे उघडच आहे.

पण त्या सकाळी मला धास्ती होती ती विमानाची नव्हे. अण्णांचा उजवा हात थरथरत होता.

आजची गोष्ट नव्हती ती. दिवाळीपासून मी पाहत होते. दाढी झाली की गालावर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवलेले. शर्टाचं वरचं बटण उघडंच. मी आईला विचारलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "वय झालं, दुसरं काय?" मग परातीकडे बघतच म्हणाली, "त्यांना काही बोलू नकोस. त्यांच्या लक्षात आलंय असं मला वाटत नाही. आलं तर त्या माणसाचं काही खरं नाही."

हाताने जगलेला माणूस. सगळा मान हातातला. आणि तारांचं विमान उडवायचं म्हणजे मनगटाचं काम. बोट हललं तरी तिकडे साठ फुटांवर शेपूट हलणार. तो हात सगळ्यांसमोर विमानाला काय करेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. विमान मोडलं असतं तर आणखी दोन हिवाळ्यांत दुसरं झालं असतं. पण हात गेल्याचं अण्णांना भर पटांगणात, पन्नास माणसांसमोर कळलं असतं, त्याचं काय करायचं? आदल्या दिवशी मी भीत भीत विचारलं होतं, "अण्णा, उद्या मी उडवू का?" तर म्हणाले, "नोंद माझ्या नावावर आहे." विषय संपला.

पटांगणाच्या मधोमध पिसाळकाका उभे होते. तेही हवाई दलातूनच निवृत्त झालेले, अण्णांचे जुने दोस्त आणि मंडळाचे मुख्य पंच. मिशा भरघोस आणि आवाज त्याहून.

"काय दिनकर, आज उडवणार का नुसतंच मांडून ठेवणार? देखणेपणाचे तर पैकीच्या पैकी गुण दिलेत बघ तुझ्या विमानाला."

"तू तारा ओढ आणि बाजूला हो," अण्णा म्हणाले.

उडवण्याआधी तारांना ताण देऊन बघायचा नियम असतो. मी परिघावर गुडघे टेकून विमान घट्ट धरलं. तिकडे मध्यभागी पिसाळकाकांनी हँडलला ताणकाटा अडकवला आणि सगळं वजन टाकून ओढलं. तारा टणटणीत ताणल्या गेल्या. पंख जागचा हलला नाही.

"पास!" काका ओरडले.

मग अण्णांनी हँडल हातात घेतलं. शेपटीची पट्टी नीट हलते का ते दोघांनी बोलून ताडून बघायचं असतं.

"वर!" अण्णा ओरडले.

"वर!" मी पट्टीकडे बघून ओरडले.

"खाली!"

"खाली!"

पट्टी हलली बरोबर, पण रोजच्याएवढी नाही. निम्मीच. मी ओरडले, "अण्णा, कमी हलतेय!"

"पुरे आहे! इंजिन लाव!"

"पण..."

"शैला!"

त्या आवाजापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नसे. मी विमानाच्या नाकावरच्या पंख्याला बोट मारलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन भडकलं, एरंडेलाचा धूर तोंडावर आला. मी मागे सरकून शेपूट धरलं. वाराही सुटला होता, यवतेश्वराच्या डोंगराकडून. तारांच्या विमानाला वारा वाईट. वाऱ्याच्या बाजूला विमान आत ढकललं जातं, तारा ढिल्या पडतात आणि ढिल्या तारेने विमान ऐकत नाही. सोडायची खूण म्हणून अण्णांनी डावा हात वर केला. मनात म्हटलं, आता सोडलंच नाही तर? इंजिन बिघडलं म्हणून सांगितलं तर? पण माझ्या हातांनी तेवढ्यात शेपूट सोडलं होतं.

हरिकेन कोब्यावरून धावलं, शेपूट उचललं आणि जमिनीवरून सुटलं. इतकं सुरेख सुटलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिली फेरी सरळ गेली. पिसाळकाका रिंगणाबाहेर येऊन मोठ्याने फेऱ्या मोजत होते. दुसरीही गेली. मी श्वास सोडला. म्हटलं, आपण उगाच घाबरलो, आईच्या बोलण्याने.

मग विमान डोलायला लागलं.

आधी अगदी थोडं, उंचसखल रस्त्यावरून सायकल जावी तसं. पुढच्या फेरीत जास्त. वर, खाली, वर, खाली. वाऱ्याच्या बाजूला गेलं की एकदम उसळायचं आणि मग धप्पकन दोन हात खाली यायचं. अण्णा मागे सरकून तारा ताणून घेत होते, मान विमानाबरोबर फिरत होती, पण हात... एवढ्या लांबूनही मला तो हात दिसत होता. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. त्याने आणखी बिघडलं.

"हे उडतंय का पोहतंय?" मागून कुणीतरी म्हणालं आणि चार जण हसले.

विमान जमिनीपासून हातभर अंतरावरून गेलं. कोणीतरी किंचाळलं. पुन्हा वर उसळलं. पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या फेरीत ते कोब्यावर आदळणार होतं, यात शंकाच नव्हती, आणि टाकी मीच काठोकाठ भरली होती.

मी पळाले. विमान माझ्यासमोरून गेलं आणि त्याच्या पाठोपाठ मी रिंगणात घुसले.

"ए! शैला! आत जाऊ नकोस, तार लागेल!" पिसाळकाका ओरडले. त्यांचं बरोबर होतं. फिरती पोलादी तार माणसाला चिरून टाकते. पुढची फेरी पूर्ण होऊन तारा माझ्यावर येईपर्यंत मला मध्यभागी पोचायचं होतं. साडीचा विचार न करता मी पळत सुटले, शेवटी वाकले, तार डोक्यावरून सूं करून गेली, आणि मी अण्णांच्या पाठीला जाऊन चिकटले.

"कशाला आलीस?" त्यांनी मान न वळवता विचारलं. ते फिरत होते, मीही त्यांच्या पावलाला पाऊल लावून फिरू लागले.

"हात द्या."

"सोडलं तर पडेल."

"सोडू नका. नुसतं धरून ठेवा."

मी मागून हात घालून त्यांच्या मुठीवर माझी मूठ ठेवली. देवा! ती थरथर माझ्या खांद्यापर्यंत चढली. बाहेरून दिसत होती त्याच्या दसपट होती ती आत. हा माणूस अशा हाताने दाढी करत होता, फासळ्या कापत होता, आणि आम्हाला वाटत होतं की त्याला पत्ता नाही. मी मूठ घट्ट आवळली. विमान खाली यायला लागलं होतं म्हणून मी नेहमीसारखं मनगट थोडं वर केलं.

काही झालं नाही. विमान खालीच येत राहिलं.

"मोठा हात दे!" अण्णा ओरडले. "मोठा! तारा मी आतल्या भोकांत घेतल्यात!"

मी कोपरापासून हात उचलला. हरिकेन कोब्याला शिवता शिवता वर आलं.

हँडलच्या पट्टीला भोकं असतात. तारा बाहेरच्या भोकांत अडकवल्या तर जरा मनगट हललं तरी विमान झटकन ऐकतं. आतल्या भोकांत, एकमेकींच्या जवळ घेतल्या तर सगळं आळसावतं. हात मोठा हलवावा तेव्हा विमान थोडंसं हलतं. आम्ही कायम बाहेरचीच भोकं वापरायचो. आतली कोण वापरतं? ज्याचा हात थांबत नाही तो. आपला हात विमानापर्यंत कमीत कमी पोचावा म्हणून.

म्हणजे त्यांना माहीत होतं. हँडल फडक्यात गुंडाळलं होतं ते त्यासाठी.

"कधीपासून?" मी विचारलं. विचारायची ती वेळ नव्हती, पण तोंडातून गेलं.

"वर्ष झालं. विमानाकडे बघ, माझ्याकडे नको. नजर काढलीस तर चक्कर येऊन पडशील."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. कंपवात म्हणतात. जात नाही." मग म्हणाले, "मुंबईला पेन्शनचं काम आहे सांगून गेलो होतो ना मार्चमध्ये, तेव्हा. वारा येतोय, मागे सरक."

आम्ही दोघं एकदम मागे सरकलो. तारा ताणल्या गेल्या. माझ्या मुठीत त्यांची मूठ अजून थरथरत होती, पण आता विमान डोलत नव्हतं. बाहेर कोणी हसत नव्हतं.

"मग कशाला हट्ट केलात?" मी ओरडले. राग आला होता मला, खरंच आला होता. "मी उडवलं नसतं का?"

"तू उडवलंच असतंस. तुला पुष्कळ दिवस आहेत." ते धापा टाकत होते. "आम्ही फिटर, शैला. तेलात बरबटायचो, तपासून द्यायचो, साहेब बसून निघून जायचे. वर गेल्यावर ते कसं लागतं हाताला, हे आम्हाला कधी कळलं नाही. एकदा या विमानाचं कळावं, एवढंच होतं. हात आणखी बिघडायच्या आत." मग म्हणाले, "कळलं. दोन फेऱ्या कळलं."

डोळ्यांत पाणी आलं तर विमान दिसणार नाही, म्हणून ते पाणीही मी आवरून धरलं.

"आता नीट ऐक," ते म्हणाले. "मी हात काढून घेतोय."

"नको अण्णा."

"माझ्या हाताचं ओझं आहे तुझ्यावर. काढतो."

माझ्या मुठीतून त्यांची मूठ हळूच निसटली. हँडल माझ्याकडे राहिलं. रिंगणातून बाहेर जायला आता वाट नव्हती. तारा फिरत होत्या आणि अण्णांच्या पायांत पळायचा दम नव्हता. तेव्हा ते खाली बसले. तिथेच, मधोमध, मांडी घालून. साठीतला माणूस कोब्यावर मांडी घालून बसलेला, आणि मी विमानाकडे मान वर करून त्यांच्याभोवती गोल गोल फिरतेय, पायाखाली त्यांची बोटं येऊ नयेत म्हणून चाचपडत. बाहेरच्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

"टाकी किती भरलीस गं?" खालून आवाज आला.

"काठोकाठ."

"शाबास!" ते म्हणाले. एरवी मी हसले असते.

दंड भरून आले. बोटं बधिर झाली. वाऱ्याच्या बाजूला प्रत्येक वेळी तार ढिली व्हायची आणि प्रत्येक वेळी मी मागे सरकून ती ताणून घ्यायचे. अण्णा खालून फक्त सांगत होते, "आलं... आता सरक... हां." त्यांना विमान बघायची गरज नव्हती, इंजिनाच्या आवाजावरून ते कुठे आहे हे कळत होतं.

मग इंजिन खोकलं आणि बंद पडलं. एकदम शांत झालं सगळं. नुसती तारांची शीळ.

"घाई नको," अण्णा हळू म्हणाले. "हात पुढे ठेव, ओढत ने त्याला. उतरेल."

मी हात पुढे ओढत एक पूर्ण घिरटी घेतली. हरिकेन खाली खाली आलं, चाकं टेकली, एकदा उडी मारली, पुन्हा टेकली, आणि शेपूट खाली ठेवून थांबलं. एक टिकली हललेली नव्हती. मी हँडल छातीशी धरून उभीच राहिले, आणि जग माझ्याभोवती फिरायला लागलं तेव्हा अण्णांच्या शेजारी धपकन बसले.

लोक धावत आले. सगळ्यांत पुढे पिसाळकाका. "काय झालं रे दिनकर?"

"चक्कर आली," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांचा उजवा हात मांडीखाली होता.

"आज उपास-बिपास केलास का काय? तरी म्हटलं, तुझं विमान असं कसं डोलतंय." काकांनी मिशीवरून हात फिरवला. "पण बाबा, मध्येच हात बदलला. हे उड्डाण बाद. दुसरी एक संधी आहे तुला, पण उडवायला तूच पाहिजेस. नोंद तुझ्या नावाची."

"शैला उडवेल."

"मग गुण नाही मिळणार. नुसतं उडवल्यासारखं होईल."

"नुसतंच उडवायचंय," अण्णा म्हणाले.

काका गेल्यावर अण्णांनी फडकं, पाना, स्क्रू-ड्रायव्हर काढला. हँडल मांडीवर घेऊन तारेच्या स्क्रूवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवायला गेले. तो खाचेत बसेना. एकदा घसरला, दोनदा घसरला. मी बघत होते हे त्यांना ठाऊक होतं. आजवर अशा वेळी ते काहीतरी निमित्त काढून उठून जायचे. त्या दिवशी उठले नाहीत. त्यांनी हात तसाच उघडा माझ्यासमोर धरला, थरथरता, आणि दुसऱ्या हाताने स्क्रू-ड्रायव्हर मला दिला.

"बाहेरच्या भोकांत घे," ते म्हणाले. "तुझा हात चांगला आहे. त्याला आतली भोकं नकोत."

मी तारा बाहेर घेतल्या. डोळे पुसले नाहीत, गळू दिले. त्यांनीही बघायचं टाळलं नाही.

"आईला मी सांगेन," ते म्हणाले. "तू नको."

तिला माहीत आहे, हे मी सांगितलं नाही.

मी मध्यभागी जाऊन उभी राहिले. हँडल हातात घेतलं. तिकडे परिघावर अण्णा एक गुडघा टेकून बसले. "वर!" मी ओरडले. "वर!" त्यांचा आवाज आला. "खाली!" "खाली!" पट्टी या वेळी पुरती हलली. त्यांनी डाव्या हाताने पंख्याला बोट मारलं. इंजिन लागलं, आणि अण्णांनी मागे सरकून दोन्ही हातांनी शेपूट धरलं.

इंजिन चालू झालं की विमान नाकापासून शेपटीपर्यंत थरथरतं. त्याबरोबर धरणाऱ्याचे हातही थरथरतात, मनगटं थरथरतात, बाह्या थरथरतात. कोणाचेही. अण्णांचा उजवा हात तिथे सगळ्यांसमोर उघडा होता, आणि त्यात वेगळं असं कुणालाच काही दिसत नव्हतं.

"बघा रे पोरांनो," पिसाळकाकांचा आवाज इंजिनावरून ऐकू आला, "विमान कसं धरावं ते दिनकरकडून शिका. काय हात आहे!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी डावा हात वर केला, आणि त्यांनी शेपूट सोडलं.